पेशीच्या पायाखालची जमीन



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यातल्या लाकडी बाकावर मी लहानपणी पुष्कळ बसले आहे. आजीला दमा होता. निदान आम्ही घरात त्याला दमा म्हणायचो. डॉक्टर स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधी एक प्रश्न हमखास विचारत, "चुलीत काय घालता, बाई?" आजी सांगायची, तुराट्या, पऱ्हाट्या, पावसाळ्यात गोवऱ्या. "ओल्या?" "आता पावसाळ्यात कोरड्या कुठून आणू, डॉक्टरसाहेब?" एवढं झालं की मग ते छाती तपासत. मला तेव्हा हे अजब वाटायचं. दुखणं छातीचं आणि चौकशी चुलीची!

पुढे माझं सगळं आयुष्य पॉलिमरच्या रसायनशास्त्रात गेलं. त्यातली शेवटची काही वर्षं ज्या पदार्थाच्या मागे गेली, त्याबद्दल आज बोलायचं आहे. हा पदार्थ म्हणजे हायड्रोजेल. पत्रिकेत 'हायड्रोजन' छापून आलं आहे. दोष मुद्रकाचा नाही, माझं अक्षरच तसं आहे. कोणी फुग्यातल्या वायूबद्दल ऐकायला आलं असेल, तर आत्ताच माफी मागते.

आधी फुप्फुस. शाळेच्या पुस्तकात ते दोन फुग्यांसारखं काढलेलं असतं. त्या चित्रानं फार नुकसान केलं आहे. फुगा एकच मोठी पोकळी असतो, आणि फुप्फुस म्हणजे कोट्यवधी चिमुकल्या कप्प्यांचा गुच्छ. २००४ साली सूक्ष्मदर्शकाखाली काळजीपूर्वक मोजदाद झाली तेव्हा माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश भरले. हे सगळे उलगडून सपाट पसरले तर साधारण ७० चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फूट. मुंबईत एवढ्यात दोन बेडरूमचा फ्लॅट बसवतात. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असते, आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक. आणि ही भिंत दिवसातून वीसेक हजार वेळा ताणली जाते आणि सैल पडते.

या भिंतीवर मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिला प्रकार चपट्या, पसरट पेशींचा. जवळजवळ सगळं क्षेत्रफळ त्यांनीच झाकलेलं असतं, आणि प्राणवायू त्यांच्यातूनच रक्तात जातो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी गोलसर असतात आणि कोपऱ्याकोपऱ्यात बसलेल्या असतात. वायुकोश मिटून चिकटू नयेत म्हणून लागणारा साबणासारखा द्रव त्या तयार करतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना श्वास का घेता येत नाही, याचं उत्तर १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेर मीड यांनी दिलं, ते हेच: त्या बाळांमध्ये हा द्रव पुरेसा नसतो. पण या गोलसर पेशींचं आणखी एक काम आहे. शेजारची चपटी पेशी मेली, की यांच्यातली एक विभागते, आणि तिच्या लेकींपैकी एक चपटी होऊन रिकाम्या जागी पसरते. म्हणजे घरातली मूलपेशी हीच. बाहेरून आणायची गरज नाही, ती कोपऱ्यात बसलेलीच आहे.

मग दुरुस्ती अडते कुठे? वर्षानुवर्षांचा धूर, विडी, दगडखाणीतली धूळ, क्षयरोग बरा झाल्यावर मागे राहिलेले व्रण, आणि अलीकडे आपण सगळ्यांनी पाहिलेला कोविड: इजा करणारं पुष्कळ आहे. भारतात सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे रुग्ण २०१६च्या अंदाजानुसार साडेपाच कोटींच्या घरात होते. त्यात कप्प्यांच्या भिंतीच नाहीशा होतात. फायब्रोसिसमध्ये उलटं घडतं, भिंती जाड आणि राठ होतात. चट्टा भरणाऱ्या पेशी येतात, कोलॅजेनचे धागे घालतात, आणि थांबायचं विसरतात. निरोगी फुप्फुसाचा ताठरपणा साधारण २ किलोपास्कल असतो. हे एकक डोक्यात ठेवू नका, आकडे फक्त एकमेकांशी ताडून पाहा. फायब्रोसिस झालेल्या फुप्फुसात तोच १६-१७पर्यंत जातो. आणि खरी गोम पुढे आहे. त्या राठ जमिनीवर बसलेली पेशी राठपणा ओळखते आणि आणखी धागे घालते. म्हणजे चट्ट्यातून चट्टा वाढत जातो. कारण न सापडलेल्या फायब्रोसिसचं निदान झाल्यावर निम्मे रुग्ण तीन ते पाच वर्षांपलीकडे जात नाहीत. पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब ही औषधं आजाराचा वेग कमी करतात, पण राठ झालेलं पुन्हा मऊ करत नाहीत.

तुमच्यातल्या काहींच्या मनात आलं असेल, बाहेरून मूलपेशी टोचून का नाही देत? दिल्या. अमेरिकेत सीओपीडीच्या ६२ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१३ मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध झाले. अस्थिमज्जेतल्या पेशी शिरेतून दिल्या. अपाय झाला नाही, पण फुप्फुसाचं काम सुधारलंही नाही. शिरेतून दिलेल्या पेशी फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि काही दिवसांत दिसेनाशा होतात. त्यांना तिथे बसायला जागाच नसते. इथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगते. आपल्याकडे काही ठिकाणी लाखो रुपये घेऊन 'फुप्फुसासाठी स्टेम सेल' देतात. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा बाकी कोणताही वापर नोंदणी झालेल्या चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजा आणि बाहेर पडा.

आता जमिनीकडे येते.

२००६ मध्ये 'सेल' या नियतकालिकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेनिस डिशर यांच्या गटाचा एक निबंध आला. पहिलं नाव अ‍ॅडम एंगलर यांचं, दुसरं शमिक सेन यांचं, जे पुढे पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. प्रयोग इतका सरळ होता की आधी कोणाला का सुचला नाही, असं वाटावं. माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी घेतल्या. पोषणद्रव सगळ्यांना एकच, खालच्या जेलचं रसायन आणि त्यावरचा कोलॅजेनचा थरही एकच. बदलला फक्त जेलचा ताठरपणा. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे एक किलोपास्कलच्या आत, पेशींना चेतापेशींसारखे फाटे फुटू लागले. स्नायूइतक्या, म्हणजे दहाच्या आसपास ताठर जेलवर त्या लांबट होऊन स्नायूच्या वाटेला लागल्या. तीस-पस्तीसवर हाडाच्या वाटेला. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं. पेशी आपल्या पायाखालची जमीन ओढून पाहते आणि ती किती दाद देते त्यावरून आपलं काय व्हायचं ते ठरवते. ओढायचं बळ देणारी मायोसिनची यंत्रणा औषधानं बंद पाडली, तर हे सगळं थांबतं.

हा निबंध वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. चुलीची चौकशी आठवत राहिली.

आणि एक शरमही वाटली. आम्ही सगळे मूलपेशी वाढवत होतो कशावर? प्लास्टिकच्या डिशमध्ये. पॉलिस्टायरीनचा ताठरपणा फुप्फुसाच्या दहा लाख पटींहून जास्त असतो. कापसाच्या गादीवर वाढायचं बाळ आम्ही फरशीवर वाढवत होतो आणि वर त्याच्या चालीला नावं ठेवत होतो. २०१४ मध्ये कोलोराडोच्या क्रिस्टी अँसेथ यांच्या गटानं याहून त्रासदायक गोष्ट दाखवली. पेशी फार दिवस प्लास्टिकवर राहिली, तर नंतर मऊ जेलवर ठेवूनही ती मऊ जमिनीवर असल्यासारखी वागत नाही. तिला फरशीची आठवण राहते.

आता जेल म्हणजे काय? तुमच्या घरात ते रोज असतं. फालुद्यातला फुगलेला सब्जा, बाळंतिणीच्या लाडवासाठी भिजवलेले अहळीव, भेंडीचा बुळबुळीतपणा. लांबलचक रेणूंचं जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. पाणी नव्वद टक्के असलं तरी ते वाहत नाही. पण ताठरपणा कसा ठरतो ते समजायला खरवसासारखं दुसरं उदाहरण नाही. गाय व्याली की पहिल्या दिवसाचा चीक घट्ट असतो. त्यात दूध भरपूर घालावं लागतं, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. दुसऱ्या दिवशीच्या चिकात दूध कमी घालायचं. तिसऱ्या दिवशीचा चीक नुसता वाफवला तरी धड लागत नाही. माझी आजी बोटावर थेंब घेऊन, बोटं मिटून-उघडून दुधाचं प्रमाण ठरवायची. आम्ही प्रयोगशाळेत रिओमीटर नावाचं महागडं यंत्र ठेवून हेच करतो: प्रथिनाचं प्रमाण किती, गाठी किती, जाळं किती दाट.

माणसाच्या शरीरात वापरायचं म्हणून मुद्दाम घडवलेलं हायड्रोजेल आलं प्रागहून. ओट्टो विख्टर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० मध्ये 'नेचर'मध्ये तसा निबंध लिहिला. विख्टर्ले यांना त्याआधी राजकीय कारणांवरून रसायन-तंत्रज्ञान संस्थेतून काढलं होतं. १९६१च्या नाताळात त्यांनी घरच्या टेबलावर, मुलांच्या 'मेर्कुर' या पट्ट्या-स्क्रूच्या खेळण्यातून एक गिरकी घेणारं यंत्र जोडलं, त्याला सायकलचा डायनॅमो लावला, आणि फिरत्या साच्यात जेल ओतून पहिली मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काढली. सभागृहात लेन्स लावलेली तरुण मंडळी असतील, तर त्या नाताळची खूण त्यांच्या डोळ्यांत आहे. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि डॉ. आशिष लेले यांच्या गटानं जेलवर मोठं काम केलं. जेलकडे बघायची आमच्या पिढीची नजर तिथून आली.

पण लेन्सच्या जेलवर पेशी बसत नाही, घसरते. तिला हात धरायला काहीतरी लागतं. १९८४ मध्ये मायकेल पियर्सबाकर आणि एर्की रुओस्लाहती यांनी दाखवलं की फायब्रोनेक्टिन या भल्यामोठ्या प्रथिनात पेशी प्रत्यक्ष धरते ती मूठ फक्त तीन अमिनो आम्लांची आहे. मग रसायनशास्त्रज्ञांना बळ आलं. सगळं प्रथिन नको, ती मूठ तेवढी जेलच्या जाळ्याला जोडा. जाळं पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी पोट साफ व्हायला लिटर-लिटर पाण्यातून पाजतात, त्याच कुळातलं. झुरिकमध्ये माथियास लुटोल्फ आणि जेफ्री हबेल यांनी २००३च्या सुमारास आणखी एक युक्ती केली. जाळ्याच्या गाठी अशा पेप्टाइडच्या घातल्या, की पेशीनं सोडलेलं विकर त्या कातरू शकेल. पेशी पुढे सरकते, वाट कापते, मागे आपलं स्वतःचं कोलॅजेन घालत जाते. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत सुंदर वाटते ती ही कल्पना. नुसत्या मऊपणाला 'निसर्गाची नक्कल' म्हणणं मला पटत नाही. शरीरातला आधार पेशीशी देवघेव करतो, ओढला की हळूहळू ढिला होतो, कापू देतो. हे जमलं तर ती नक्कल.

याउलट सोपा रस्ता म्हणजे मॅट्रिजेल, उंदराच्या एका गाठीतून काढलेला चिकट पदार्थ. पेशींना तो फार आवडतो, पण त्यात हजाराहून अधिक प्रथिनं असतात आणि प्रत्येक खेपेचा माल वेगळा. गाठीतला पदार्थ माणसाच्या फुप्फुसात घालायचा प्रश्नच येत नाही. शिवाय तो बर्फात पातळ असतो आणि खोलीच्या तापमानाला आळतो. मे महिन्यात एकदा मी पिपेटची टोकं फ्रीजमध्ये ठेवायला विसरले. बर्फाच्या पेटीतून कुपी काढली, पदार्थ पिपेटमध्ये ओढला, आणि डिशपर्यंत हात नेईतो टोकातच तो आळला. एका दुपारी बारा टोकं वाया गेली. प्रत्येक थेंबाची किंमत मला पाठ होती, म्हणून ती दुपारही पाठ आहे.

आता फुप्फुसाची खरी अडचण सांगते, जी या विषयावरच्या उत्साही लेखांत बहुधा शेवटच्या परिच्छेदात ढकलतात. फुप्फुसाचा शत्रू पाणी आहे. न्यूमोनियात कप्पे भरतात ते द्रवानं, आणि अतिदक्षता विभागात माणूस जातो तो बहुधा त्यामुळेच. आणि आम्ही निघालो आहोत नव्वद टक्के पाण्याचा पदार्थ तिथेच ठेवायला! गुडघ्याच्या कूर्चेत चमचाभर जेल भरता येतं. वायुकोशात तेवढं भरलं तर तो कप्पा कायमचा बंद. म्हणून श्वसनमार्गातून न्यायचं, तर अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात, पातळ थर म्हणून, तोही लवकर विरणारा. हे अजून बहुतांशी उंदरांवर चाललं आहे. रुग्णांपर्यंत पोचलेलं जेल साधं आहे: शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाच्या पृष्ठभागातून हवा गळत असेल, तर ती जागा बुजवणारं लेप-जेल अमेरिकेत २०१० पासून मान्य आहे. तिथे मूलपेशी नाहीत, पंक्चर काढणं आहे. पण श्वासाबरोबर ताणून न फाटणारं जेल बनवता येतं, हे त्यानं सिद्ध केलं.

म्हणून कोणी विचारलं तर मी म्हणते, आजघडीला फुप्फुसात जेल कमी, जेलमध्ये फुप्फुस जास्त. त्या गोलसर पेशी मऊ जेलमध्ये ठेवल्या तर त्या पोकळ गोळे करतात, आणि त्यांच्यावर धूर, विषाणू, नवं औषध तपासता येतं. कोलोराडोत असं जेल केलं आहे जे आधी निरोगी फुप्फुसाइतकं मऊ असतं आणि नंतर हवं तेव्हा फायब्रोसिसइतकं ताठ करता येतं. पेशी कोणत्या क्षणी बिघडते, ते डोळ्यांसमोर दिसतं.

२०१९ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातले जॉर्डन मिलर, सिॲटलच्या केली स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर चिमटीत मावेल असा जेलचा वायुकोशच छापला. आत हवेची पिशवी, भोवती रक्तवाहिन्यांची जाळी. हवा आत-बाहेर केली की वाहिन्यांतल्या तांबड्या पेशी प्राणवायू घेताना मोजता येतात. प्रकाशानं जेल आळवताना तो प्रकाश खोल जाऊ नये, नाहीतर बारीक नळ्या बुजतात. तो अडवायला त्यांनी काय वापरलं? टार्ट्राझीन, म्हणजे मिठाईवाले वापरतात तो पिवळा खायचा रंग. हळदीतलं कुरकुमिनही वापरून पाहिलं.

दुसरा मार्ग निसर्गाचा सांगाडाच उसना घ्यायचा. २०१० मध्ये येलच्या लॉरा निक्लासन यांच्या गटानं उंदराचं फुप्फुस डिटर्जंटनं धुऊन त्यातल्या पेशी काढून टाकल्या. मागे पांढुरकं, जवळजवळ पारदर्शक जाळं राहिलं, श्वासनलिकेपासून शेवटच्या कप्प्यापर्यंत शाबूत. त्यात नव्या पेशी पेरल्या आणि ते उंदराला बसवलं. ते तास-दोन तास चाललं, थोडं रक्त हवेच्या वाटेत झिरपलं. ऐकायला छान, करायला अवघड. हेच जाळं दळून, पेप्सिननं विरघळवून त्याचं जेल करतात, आणि मला आज तरी हा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात फुप्फुसाची स्वतःची खूण उरते.

एक काळं पानही वाचायला हवं. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इस्पितळात २०११ पासून पाओलो मॅकियारिनी यांनी तीन रुग्णांना प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी वर पेरल्या की नळी जिवंत होईल, असं सांगितलं होतं. जगभर टाळ्या पडल्या. प्राण्यांवरचा पुरेसा आधार नव्हता. तिन्ही रुग्ण पुढे दगावले. सहकारी डॉक्टरांनी तक्रार केली, तेव्हा आधी त्यांच्यावरच बालंट आलं. २०२३ मध्ये अपील न्यायालयानं मॅकियारिनी यांना अडीच वर्षांची शिक्षा दिली. तिथेही हाच हिशेब चुकला होता. पेशी ओतली, आणि ती कुठे बसणार, तिला रक्त कुठून मिळणार, हे विचारलंच नाही.

काल संध्याकाळी इथल्याच एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, माझ्या भावाला याचा उपयोग होईल का?" भावाला फायब्रोसिस आहे. मी म्हटलं, नाही. त्यांना औषधं, लसी, ऑक्सिजन आणि व्यायाम नीट मिळतो का ते पाहा, प्रत्यारोपणाच्या यादीबद्दल वेळेत विचारा. ते गप्प झाले, मग चहा मागवला. खोटी आशा दिली असती तर डॉक्टरांच्या या व्यासपीठावर उभं राहायला मला जड गेलं असतं.

इकडे यायला निघण्याआधी माझी विद्यार्थिनी डिश घेऊन आली होती. एकविसाव्या दिवसाचं जेल. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा गोळा दिसत होता, मधे स्वच्छ पोकळी. आत हवा नव्हती, द्रवच होता. पण गोळ्याच्या कडेनं, जिथे पेशी बाहेर सरकत होत्या, तिथे आमचं जेल दिसेनासं झालं होतं. तिला वाटलं प्रयोग बिघडला. मी म्हटलं, थांब, तारीख लिही, फोटो काढ. तिनं मोबाइल आयपीसला टेकवून फोटो काढला आणि डिश परत ३७ अंशांच्या पेटीत ठेवली.